खिळ्यावरचा मास्क

१

तंबाखूचं झाड खालून वर पिकत जातं. आधी जमिनीलगतची पानं पिवळी पडतात, मग त्यांच्या वरची, आणि शेंडा आपला शेवटपर्यंत हिरवागार, उतारवयात तोरा मिरवणाऱ्या माणसासारखा. म्हणून सगळं झाड एकदम कापायचं नाही. खालची पिकतील तशी खुडायची आणि वरच्यांना वेळ द्यायचा. हे मिस्त्रीणीला ऐकून ऐकून पाठ होतं. करून मात्र तिनं कधी पाहिलं नव्हतं, कारण करायला मिस्त्री होते.

मिस्त्री म्हणजे फ्रिजवाले मिस्त्री. जन्मभर त्यांनी लोकांचे फ्रिज दुरुस्त केले. जे दुरुस्त झाले ते लोकांच्या घरी गेले आणि जे झाले नाहीत ते यांच्या घरी राहिले. त्यामुळे घरात चालू फ्रिज एक, आणि बंद फ्रिज जिकडे बघाल तिकडे. एकात चपला, एकात हत्यारं, आणि सगळ्यांत उंच होता तो तंबाखूचा. त्याचा कॉम्प्रेसर केव्हाच गेला होता, पण दाराचं रबर असं घट्ट की मुंगी शिरेल तर शपथ. आत उबेसाठी एक बल्ब, हवा फिरवायला जुन्या कॉम्प्युटरमधला तळहाताएवढा पंखा, तळाशी पाण्याचं भांडं, आणि कोंडलेली वाफ बाहेर जावी म्हणून दाराला वरच्या अंगाला पाडलेलं एक भोक. "हा उलटा फ्रिज," मिस्त्री येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे. "लोक गार करतात, आपण उबवतो." स्वतः ओढायचे म्हणाल तर महिन्याकाठी एखादी विडी वळून ओढली तर ओढली. त्यांचा जीव होता करण्यात. डबा उघडायचे, डोळे मिटून वास घ्यायचे आणि झाकण लावून टाकायचे.

यंदाची झाडं गुडघ्याएवढी झाली होती तेव्हा मिस्त्री गेले. महिनोन्‌महिने धाप लावणाऱ्या छातीनं शेवटी दगा दिला. लोक येऊन गेले, घर पुन्हा गप्प झालं, आणि एका सकाळी मिस्त्रीणीच्या लक्षात आलं की आपण परसात झारी घेऊन उभ्या आहोत. झाडांना पाणी घालायचं असं तिनं काही ठरवलं नव्हतं. हातालाच ती सवय होती.

लेकीला हे फोनवर कळलं तेव्हा ती चिडली. "ज्यानं बाबांना खाल्लं, त्यालाच तू पाणी घालतेस? उपटून टाक आई ती झाडं."

"टाकते," आई म्हणाली, आणि फोन ठेवून झारी उचलली.

लेक दुसऱ्या शहरात चष्म्याच्या दुकानात कामाला होती. घर रिकामं करायचं आणि आईला कायमचं आपल्याकडे न्यायचं, असं दोघींचं ठरलं होतं. म्हणजे लेकीनं ठरवलं होतं आणि आईनं नाही म्हटलं नव्हतं. पण जाण्याआधी मिस्त्रीणीला तंबाखूचा हा एक घाणा नीट काढायचा होता. मिस्त्रींना अर्धवट काम खपायचं नाही. कुणाच्या घरी सैल स्क्रू दिसला तरी त्यांचा घास अडायचा. त्यांच्या हातचं शेवटचं काम परसात तसंच सडलं असतं, तर तिला कुठेच, लेकीच्या घरीसुद्धा, सुखानं बसता आलं नसतं.

तेव्हा तिनं सुरी घेतली आणि पिकलेली पानं खुडली.

२

पानांचा चीक हाताला लागतो आणि काळा पडतो. साबणाला तो दाद देत नाही. मिस्त्रीणीनं काळ्या बोटांनी एकेका पानाचं देठ तारेत ओवलं, दोन-दोन पानं पाठीला पाठ लावून, म्हणजे ती एकमेकांना चिकटत नाहीत. माळा पडवीत टांगल्या आणि वर ओली चादर टाकली. दिवसामागून दिवस पानं पिवळी होत गेली, मग कडेनं तपकिरी. येता-जाता ती चादर उचलून बघायची आणि मिस्त्रींचं बोलणं आठवायची.

"पान खुडलं म्हणजे मेलं असं नसतं," ते म्हणायचे. "खुडल्यावरही ते कितीतरी दिवस जगतं, स्वतःलाच खाऊन. त्याला सावकाश मरू द्यायचं. घाईनं वाळवलंस तर हिरवंच मरतं आणि कडूजहर लागतं. आणि फार माया करून ओलीत ठेवलंस, तर धड मरतही नाही. कुजतं."

"मग दार कधी उघडायचं ते कळतं कसं?"

"पान सांगतं."

"कसं सांगतं?"

"तुला नाही सांगायचं ते. तू माझं ऐकत नाहीस, पानाचं काय ऐकणार?"

यावर दोघंही हसली होती. तेव्हा हसायला श्वास पुरत होता.

पानं फ्रिजमध्ये घालायची वेळ आली तेव्हा दोन अडचणी निघाल्या. पाण्याचं भांडं गंजून भोकं पडलेलं, आणि दारातल्या भोकाला लावायची नळी उंदरांनी कुरतडलेली. या घरात काही टाकायची रीत नव्हती आणि नवीन आणायची त्याहून नव्हती. मिस्त्रीणीनं कपाटाचा खालचा खण उघडला. आजारपणातलं सगळं तिथे होतं. ऑक्सिजनचं मशीन भाड्याचं होतं, ते परत गेलं. पण मास्क आणि त्याची लांब पारदर्शक नळी कुणी परत घेत नाही. शेजारी वाफारा घ्यायचं छोटं मशीनही होतं.

दुसऱ्या कुणाच्या घरी कुणी हे केलं नसतं. इथे मात्र ते इतकं सरळ वाटलं की तिनं विचारही केला नाही. वाफेचं मशीन पाणी भरून फ्रिजच्या तळाशी ठेवलं. नळी दारातल्या भोकात खुपसली आणि भोवती चिंधी कोंबली. नळीच्या दुसऱ्या टोकाचा मास्क ओढून पाहिला, तो निघेना, तर राहू दिला. नळीत साचलेलं पाणी जमिनीवर ठिबकू नये म्हणून मास्क इलॅस्टिकनं भिंतीवरच्या खिळ्याला अडकवला. फ्रिज पुढच्या खोलीतच लावावा लागला, कारण एवढा भार सोसणारा प्लग तिथेच होता. ऑक्सिजनच्या मशीनसाठी मिस्त्रींनीच जाड वायर ओढून तो बसवला होता, मशीन आलं त्याच दिवशी, धापा टाकत. त्यांची खाट जिथे होती, तिथे आता फ्रिज उभा राहिला.

तिनं बटण दाबलं. पंखा गुरगुरला, नळीभोवतीच्या चिंधीतून बल्बचा प्रकाश पुसटसा दिसला. मिस्त्रीणीला बरं वाटलं. खोलीत पुन्हा काहीतरी चालू होतं.

३

दोन-चार दिवसांनी सकाळी ती खोलीत आली तर मास्क जमिनीवर पडला होता.

तिनं उचलून खिळ्याला लावला. दुसऱ्या सकाळी पुन्हा तेच. इलॅस्टिक ढिलं झालं असेल म्हणून तिनं त्याला गाठ मारली. पुढच्या सकाळी गाठीसकट मास्क खाली.

भिंतीपलीकडे पोस्टमास्तर राहायचे. पोस्टातून निवृत्त झाल्याला युग लोटलं होतं, पण हुद्दा काही निवृत्त झाला नव्हता. मिस्त्रींचा आणि त्यांचा संध्याकाळचा कट्टा परसातल्या पायरीवर भरायचा. मिस्त्रीणीनं त्यांना बोलावलं. त्यांनी आल्या आल्या नाक वर करून वास घेतला.

"गोठ्यासारखा वास येतोय वहिनी."

"सुरुवातीला येतोच तसा. मग गवताचा येतो, आणि शेवटी..." शेवटी कसला येतो ते तिला ठाऊक होतं. मिस्त्रींच्या सदऱ्याला यायचा तो.

पोस्टमास्तरांनी खिळा हलवून पाहिला. "हा तर डुलतोय. मिस्त्रींच्या घरात डुलता खिळा म्हणजे शरमेची गोष्ट." त्यांनी चांगला बोटभर लांबीचा नवा खिळा आणला, अर्ध्याच्या वर भिंतीत ठोकला आणि उरलेला हातोडीनं वरच्या दिशेला वाकवला. "आता भूकंप झाला तरी पडायचा नाही. कुणी उचलून काढला तरच."

सकाळी मास्क जमिनीवर होता.

खिळा तसाच, वर वाकलेला. इलॅस्टिक अखंड. मिस्त्रीण कितीतरी वेळ त्या दोघांकडे आळीपाळीनं पाहत राहिली. मांजर म्हणावं तर घरात मांजर नव्हतं. वाफेनं नळी फुगत असेल, उसळत असेल, असं तिनं स्वतःला समजावलं. रबरी वस्तूंचं काही सांगता येत नाही. एक गोष्ट तेवढी समजावता आली नाही. भिरकावल्यावर वस्तू पडेल तिथे पडते, कधी पालथी, कधी उताणी. हा मास्क रोज एकाच जागी असायचा, तोंड वर करून, अलगद ठेवल्यासारखा.

तिनं तो पुसला आणि पुन्हा खिळ्याला लावला.

४

एका दुपारी ती खुर्चीत बसून कपड्यांना बटणं लावत होती. लेकीकडे न्यायचे कपडे. सुईत दोरा ओवायला मान वर केली तेव्हा समोरचा मास्क आतून धुक्यानं भरलेला दिसला. साहजिक होतं, फ्रिजमध्ये वाफ होती. तिनं दोरा ओवला आणि पुन्हा पाहिलं. मास्क स्वच्छ होता. पाहता पाहता त्याच्यावर पुन्हा धुकं आलं आणि गेलं. मग पुन्हा आलं.

सुई हातातच राहिली.

पंख्याचा झोत कमी-जास्त होत असणार, तिनं विचार केला. मिस्त्रींच्या बायकोला एवढं कळत होतं. तिनं उठून बटण बंद केलं. पंखा थांबला, खोली शांत झाली. मास्कवर धुकं आलं आणि गेलं. मशीनमध्ये वाफ शिल्लक असेल, म्हणून तिनं प्लगच काढला, वायर गुंडाळून फ्रिजवर ठेवली आणि स्वयंपाकघरात जाऊन मुद्दाम भांडी घासली, घासलेली पुन्हा घासली. ऊन भिंतीवरून उतरून गेलं तेव्हा परत आली. एवढ्या वेळात बल्ब गार व्हायला हवा होता. तिनं फ्रिजच्या दाराला तळहात लावला. दार कोमट होतं, ताप उतरू लागलेल्या अंगासारखं.

पानांचा ढीग आपोआप तापतो. हेही मिस्त्रींनीच सांगितलेलं. तापला की हवा फुगते, निवला की आक्रसते, मग नळीतून ये-जा होणारच. बुद्धीनं सांगितलेलं सगळं बरोबर होतं. फक्त पंखा बंद असल्यामुळे आता आवाज ऐकू येत होता. हवा आत जायची, मध्येच एका ठिकाणी अडखळायची, जिना चढताना पायरी चुकावी तशी, मग थांबायची. थांबायची ती इतकी की ऐकणाऱ्याचा जीव वर यावा. आणि मग बाहेर.

ते अडखळणं मिस्त्रीणीनं कितीतरी रात्री उशाशी बसून ऐकलं होतं. हजार माणसांच्या श्वासांतून तिनं ते ओळखलं असतं. तिला भीती वाटली, नाही असं नाही. पण त्या भीतीच्या मागोमाग दुसरं काहीतरी आलं आणि ते भीतीहून मोठं होतं. तिनं खुर्ची ओढली आणि फ्रिजला टेकून बसली.

"अहो," ती म्हणाली.

आत हवा अडखळली, थांबली, आणि बाहेर आली.

५

त्यानंतरचे दिवस मिस्त्रीणीचे बरे गेले, हे सांगायलाच हवं. प्लग तिनं पुन्हा लावला नाही, गरजच नव्हती. जेवणाचं ताट ती तिथेच घेऊन यायची. कोण आलं, कोण गेलं, पोस्टमास्तरांचा दात पडला आणि ते बोलताना शिट्टी वाजते, सगळं सांगायची. मिस्त्री गेल्यापासून तिच्या पोटात शब्दांचा ढीग साचला होता. शेवटच्या दिवसांत बोलणं असं झालंच नव्हतं. नुसतं औषध घ्या, कूस बदला, पाणी घ्या. ज्या माणसाशी जन्मभर भांडलो त्याच्याशी निरोपाचे दोन शब्द भांडताही आलं नाही, याचं तिला फार वाईट वाटायचं. आता ती भांडून घेत होती. चपलांच्या फ्रिजवरून, न आणलेल्या कपाटावरून, आपल्याआधी गेल्यावरून. शेवटचं म्हणून झाल्यावर ती फ्रिजच्या पत्र्याला कपाळ लावून बसून राहिली.

एकदा ते अडखळणं फार वाढलं. ऐकवेना. मिस्त्रीणीनं खिळ्यावरचा मास्क काढला आणि काही न सुचून स्वतःच्या तोंडाशी धरला. "घ्या," ती म्हणाली आणि त्यात श्वास सोडला.

तो घेतला गेला. दुसऱ्या टोकाला कुणीतरी तहानलेला असावा तसा. तिची छाती रिकामी झाली, डोळ्यांपुढे काजवे चमकले, आणि आतलं अडखळणं हळूहळू सुटलं. कितीतरी वेळ श्वास सरळ चालू राहिला, पूर्वी दुपारी वर्तमानपत्र तोंडावर घेऊन झोपायचे तेव्हासारखा. मिस्त्रीणीला हसू आलं आणि रडू आलं. जे तेव्हा करता आलं नाही ते आता करता येत होतं. नवऱ्याला श्वास पुरत नव्हता आणि तिच्याकडे होता. यात विचार कसला करायचा?

मग ती रोज देऊ लागली. सकाळ-संध्याकाळ, औषधासारखा.

झारी उचलली की तिला धाप लागायला लागली. फोनवर लेकीनं विचारलं, "आई, जिना चढून आलीस का?"

"आपल्या घरात जिना आहे कुठे?"

"मग दम का लागलाय तुला?"

"वय झालं बाई. तुझंही होईल."

पोस्टमास्तर कुंपणावरून बघत होते. "वहिनी, ओठ निळे दिसतायत तुमचे. डॉक्टरांना दाखवा. मिस्त्री असते तर मला बोलले असते, की तुमचं लक्ष कुठे होतं."

"ते काय बोलले असते ते मला माहीत आहे," मिस्त्रीण म्हणाली. तिला ते खरंच माहीत आहे असं वाटत होतं.

एक गोष्ट तेवढी थांबली नाही. मास्क अजूनही रोज सकाळी जमिनीवर असायचा. आता तर दिवसाही. ती पाणी प्यायला आत जाऊन आली की खाली. ती लटक्या रागानं उचलायची. "असं काय करता? लागतो ना तुम्हाला? राहू द्या बरं." आणि पुन्हा खिळ्याला लावायची.

६

ठरल्यापेक्षा लेक आधीच आली. पोस्टमास्तरांनी कळवलं असणार. बॅग दारात टाकून तिनं आईचं तोंड पाहिलं आणि तिच्या स्वतःच्याच तोंडचं पाणी पळालं.

"काय करून घेतलंयस हे? उद्याच निघायचं. आणि हे धूड इथे? बाबांच्या जागेवर?" तिनं मास्क पाहिला, नळी पाहिली, नळी कुठे गेली आहे ते पाहिलं. बाबांच्या आजारपणात तिला रजा मिळाली ती शेवटी, आणि ती आली तेव्हा खाट रिकामी होती. हे कुणी तिला बोलून दाखवलं नव्हतं, पण ती स्वतःला बोलत असावी. "आई, वेड लागलंय तुला," ती शेवटी एवढंच म्हणाली, आणि तेही हळू.

जेवून ती पुढच्याच खोलीत आडवी झाली. प्रवासानं दमलेली, पडल्या पडल्या झोपली. मिस्त्रीण स्वयंपाकघरात डबे आवरायला लागली. दुपार तापली होती, गल्लीत कुणी नव्हतं. तिच्या कानांनी सवयीनं आतल्या श्वासाचा कानोसा घेतला. तो सरळ चालला होता. खूप दिवसांत इतका सरळ चालला नव्हता. आणि ती तर त्याच्यापासून दोन खोल्या लांब होती. आज सकाळपासून तिनं त्याला काही दिलंच नव्हतं.

हातातला डबा ठेवून ती खोलीच्या दारात आली.

लेक कुशीवर झोपली होती, तोंड फ्रिजकडे. तिचा श्वास आत जाताना मध्येच अडखळत होता, जिन्याची पायरी चुकावी तसा. मग थांबत होता. तो थांबला की खिळ्यावरच्या मास्कवर धुकं यायचं. मास्क स्वच्छ झाला की लेकीची छाती वर यायची. दोघांच्यात मिळून एकच श्वास होता आणि तो इकडून तिकडे जात होता. मिस्त्रीण जवळ गेली, वाकली. लेकीच्या गालांवर नाकापासून कानापर्यंत एक-एक बारीक लाल रेघ होती. उशीचा वळ असेल. पण उशी एका गालाखाली असते, आणि रेघा दोन्ही गालांवर होत्या. मिस्त्रींच्या गालांवरच्या अशाच रेघांना मिस्त्रीणीनं महिनोन्‌महिने खोबरेल लावलं होतं.

स्वतःचं ती देत होती तेव्हा तिला त्याचा हिशेब नव्हता. लेकीचं द्यायचा तिला काय हक्क होता? आणि ते, ज्यांनी पोरीला ठेच लागली तर दगडाला शिव्या दिल्या, ते कधी घेतील का?

घेणार नाहीत, हे तिला इतकं लख्ख कळलं की ती जमिनीवरच बसली. ते घेत नव्हते. ती देत होती. नळी तिनं लावली, मास्क तिनं टांगला. ते तर रोज काढून ठेवत होते.

आणि मग तिला शेवटचा आठवडा आठवला. खरं म्हणजे आठवला नाही. तो तिच्याजवळच होता, ती त्याच्याकडे बघत नव्हती. मिस्त्रींना बोलवत नव्हतं. दोन बोटं हनुवटीशी न्यायची, आकडा करून मास्कच्या कडेत अडकवायची आणि मास्क खाली ओढायचा. मग हातात धरून, तोंड वर करून, अलगद चादरीवर ठेवायचा. तिच्याकडे बघायचे. ती म्हणायची, "असं काय करता? लागतो ना तुम्हाला? राहू द्या बरं." आणि पुन्हा लावायची. ते पुन्हा काढायचे. शेवटी हात उचलेना, तेव्हा नुसती दोन बोटं चादरीवर हलायची.

फ्रिजमधून वास येत होता. गोठ्याचा नव्हे, गवताचा नव्हे, सदऱ्याचाही नव्हे. गोडसर, ओलसर, कुजकट वास. तो आज आलेला नसणार. पान सांगत होतं आणि ती ऐकत नव्हती.

७

तिनं आधी मास्क खिळ्यावरून काढला. मग नळीवरून ओढला. पानं घालायच्या दिवशी जो हलला नव्हता तो आता पिकल्या फळासारखा हातात आला. मग फ्रिजच्या दाराला हात घातला. रबर सुटेना. तिनं भिंतीला पाय लावून ओढलं, आणि दार उघडलं.

आतून ऊब आली, चेहऱ्यावरून गेली. पानांच्या माळा हलल्या. तिनं ती पाठीला पाठ लावून ओवली होती, पण आता झाडून सगळी वळून एकाच बाजूला झाली होती, दाराकडे. आत अंधार होता, आणि फ्रिज तेवढा खोल नव्हता जेवढा तो अंधार होता. पानांच्या फटीतून तिला दिसलं, दिसलं म्हणजे डोळ्याची पापणी लवायच्या आत, की दोन बोटं, तपकिरी, उभ्या शिरांची, आकडा करून खाली ओढण्यासारखी हलली.

पानंच असतील. तिथे दुसरं होतं काय.

"कळलं," मिस्त्रीण म्हणाली. "कळलं हो. नाही लावत."

हातातल्या मास्ककडे तिनं पाहिलं. तो कशालाच जोडलेला नव्हता. त्याच्यावर धुकं आलं, दाट, काठापर्यंत. मग हळूहळू, काठाकडून मधे, ते गेलं.

ती पुढच्याची वाट बघत राहिली. तशी वाट तिनं पूर्वी एकदा बघितली होती, आणि तेव्हा पुढचा आला नाही म्हणून तिनं मास्क दाबून धरला होता, पोस्टमास्तरांनी येऊन हात बाजूला करेपर्यंत. आता तिनं खाली बसून हात मांडीवर ठेवले. खोली शांत होती. पानं हलायची थांबली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला तिला हात उचलवत नव्हता. इतकं रडू तिला ते गेले त्या दिवशीही आलं नव्हतं. त्या दिवशी ते तिच्या लेखी पुरते गेलेच नव्हते.

मागे लेकीनं मोठा, मोकळा श्वास घेतला, आणि कूस बदलली. तिच्या गालांवरच्या रेघा फिक्या होत चालल्या होत्या.

"आई?" झोपेतच तिनं हाक मारली.

"काय गं."

"मघाशी आवाज येत होता ना, तो बंद का केलास?"

मिस्त्रीण तिच्या उशाशी सरकली.

"बाबा शेजारी झोपलेत असं वाटत होतं." लेकीचे डोळे अजून मिटलेले होते, आणि मिटल्या डोळ्यांतून पाणी उशीवर उतरत होतं. लहानपणी तापात बोलायची तसा तिचा आवाज झाला होता. "मला भेटायचंच राहिलं गं. पुन्हा लाव ना तो. थोडा वेळ."

मिस्त्रीणीनं मास्क पाठीमागे धरला. तिच्या तळव्याला त्याची ओल लागत होती, अजून कोमट.

"नाही बाळा," ती म्हणाली. तिचा आवाज फुटला, पण शब्द ठाम होते. "तू उगी राहा."

लेकीला झोप लागेपर्यंत ती तिच्या पाठीवरून हात फिरवत बसली. मग उठून हत्यारांच्या फ्रिजमधून पक्कड आणली आणि भिंतीतला खिळा उपटायला लागली. पोस्टमास्तरांनी तो भलताच खोल ठोकला होता.